ओंकारेश्वर ते लकडी पूल

आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसून पाठ आखडली की रविवारी सकाळी मी ओंकारेश्वरापासून नदीकाठाने लकडी पुलापर्यंत चालत जातो. चढ नाही, दम लागत नाही. पाऊण तासात जाऊन परत!

लकडी पूल आता दगडी आहे. मूळचा लाकडी पूल पानिपतच्या पराभवानंतर, १७६१ मध्ये बांधला असं सांगतात. त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १२ जुलै १९६१ ला, पानशेतचं मातीचं धरण फुटलं. तो लोंढा खडकवासल्यात आला, तेही फुटलं आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. आमची आजी नारायण पेठेतली. ती साल सांगायचीच नाही. म्हणायची, "पुराच्या आधी" नाहीतर "पुराच्या नंतर".

आपण मात्र विसरलो. नदीपात्रात बिनधास्त गाड्या लावतो (मीही लावलीय). जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, तेव्हा कुठे नदी आठवली.

असो. इथे फिरायला आलात तर लकडी पुलाखाली उभं राहून एकदा वर बघा. पाणी त्याच्याही वरून गेलं होतं.