ठासणीच्या बंदुकीतील नेमबिघाड

ठासणीची बंदूक : दारू, बोळा आणि गोळी तोंडाकडून गजाने ठासून भरावयाचे, म्हणजे प्रत्येक बार हातानेच सिद्ध करावयाचे आयुध. गोंड आदिवासींचा पुढारी रामजी गोंड याने १८६० च्या सुमारास आदिलाबाद मुलखातील निर्मलच्या परिसरात इंग्रज व निजाम यांच्या फौजांशी झुंज दिली, त्या काळची १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफलही तोंडाकडूनच भरली जात असे. मात्र तिच्या नळीतील सर्पिल खाचांमुळे गोळीस स्वतःभोवती फिरण्याची जी गती लाभे, ती गुळगुळीत नळीच्या गावठी बंदुकीस दुर्लभ.

नेम चुकला की दोष नेमबाजाच्या माथी मारण्याची रीत आहे. वास्तविक तो बहुधा भरणीत असतो. मापाविना ओतलेली दारू, पावसाळ्यात ओल धरलेली रंजक (बार पेटवणारी दारू), नळीहून फार बारीक किंवा ओतताना आत पोकळी राहिलेली शिशाची गोळी, आणि कधी सैल तर कधी घट्ट ठासलेला बोळा, यांनी बारागणिक वेग व दिशा पालटतात. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक अंश जळल्यावरही घनरूप उरत असल्याने थोड्याच बारांत नळी काजळते आणि गोळी अडखळते; म्हणून प्रथम नळी साफ करावी, मग एका वेळी एकच बाब बदलून पाहावी, हा क्रम श्रेयस्कर. गोळी दारूवर नीट न टेकता मध्ये अंतर राहिले, तर नेम तर चुकेलच, नळीही फुटू शकते.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीकरक्षणार्थ या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. वन्य प्राण्यांच्या शिकारीस मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये मज्जाव आहे.