तुमच्या गाडीला दिवा आहे ना?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. नागापूर एमआयडीसीकडून मनमाड रोडने सावेडीला परत येत होतो. समोरून आलेल्या ट्रकचा लाइट डोळ्यांवर पडला, तो गेला आणि स्कूटीच्या पुढ्यात अचानक एक सायकल दिसली. ब्रेक दाबला. स्कूटी आडवी होता होता राहिली. सायकलवर पन्नाशीचे एक काका, मागे कॅरिअरला जेवणाचा डबा. सेकंड शिफ्ट सुटून घरी निघाले होते.

मी जरा चिडूनच म्हणालो, "काका, सायकलला दिवा नाही. अंधारात दिसत नाही तुम्ही."

ते शांतपणे म्हणाले, "माझ्या सायकलीला नाही, पण तुमच्या गाडीला हाय ना?"

आणि पायडल मारत निघून गेले. मला उत्तर सुचलं नाही. पुढे सायकलच्या दिव्यांबद्दल वाचू लागलो तेव्हा कळलं, की याच प्रश्नावर ब्रिटनमध्ये कित्येक वर्षं भांडण चाललं होतं. पण माझं वाचन सुरू झालं ते आमच्या माळ्यावरच्या एका पत्र्याच्या डब्यापासून.

त्या डब्यात आजोबांच्या सायकलचा डायनॅमो आहे. लहान बाटलीएवढा, डोक्यावर दातेरी चाक. आजोबा शहरात एका छापखान्यात कामाला होते आणि सावेडी तेव्हा गावच होतं. ते सांगायचे, दिल्ली दरवाजा ओलांडला की दिव्यांचे खांब संपायचे आणि पुढे घरापर्यंत शेतं आणि अंधार. त्या काळी सायकल घेतली म्हणजे नुसती सायकल मिळायची. स्टँड, कॅरिअर, घंटी, चेनकव्हर, कुलूप हे सगळं एकेका पगारातून जोडायचं. डायनॅमो त्यांनी सगळ्यात शेवटी घेतला, कारण तो सगळ्यात महाग होता.

तोवर काय करायचे? कागदाचा द्रोण करून त्यात मेणबत्ती लावायची आणि एका हातात धरून सायकल चालवायची. सायकलला रात्री दिवा लागायचाच. नसला तर पोलीस अडवत, दंड होई, नाहीतर चाकातली हवा सोडून देत. आजोबांनाही एकदा दंड भरावा लागला होता. पुढे ते हसत म्हणायचे, "त्या मेणबत्तीनं रस्ता दिसत नव्हता. पण मी दिसत होतो."

या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. सायकलच्या दिव्याची दोन कामं असतात: आपल्याला रस्ता दाखवणं आणि इतरांना आपण दिसणं. सुरुवातीच्या दिव्यांना पहिलं काम जेमतेमच जमायचं. आधी घासलेटचे दिवे होते. बर्मिंगहॅमच्या जोसेफ ल्युकसचा मोठा धंदा असल्या दिव्यांवरच उभा राहिला. मग कार्बाइडचे दिवे आले. कॅल्शियम कार्बाइडवर थेंबथेंब पाणी पडायचं आणि त्यातून निघणारा ॲसिटिलीन वायू जळायचा. उजेड झकास, पण वास आणि राख रोजचीच.

डायनॅमोला यातलं काहीच नको. मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवलं होतं, की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेत वीज वाहते. हीच करामत डायनॅमोच्या बाटलीत भरलेली असते. दातेरी चाक टायरच्या कडेला टेकतं, टायर ते फिरवतो, त्याच्याबरोबर आतला चुंबक फिरतो आणि भोवतालच्या वेटोळ्यात वीज तयार होते. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९२३ साली सायकलचे विजेचे दिवे बाजारात आणले. इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चरने १९३६ साली चाकाच्या तुंब्यातच बसणारा 'डायनोहब' काढला. आपल्याकडे रुळली ती मात्र बाटलीच.

या बाटलीची क्षमता साधारण ६ व्होल्ट, ३ वॅट. आज घरातला नेहमीचा एलईडी बल्बसुद्धा बहुधा याहून जास्त वॅटचा असतो. तार बहुधा एकच, परतीची वाट म्हणजे सायकलची लोखंडी फ्रेम. त्यामुळे फ्रेम गंजली की दिवा गेला. पुढचा बल्ब उडाला की सगळी वीज मागच्यावर यायची आणि उतारावर तोही उडायचा. चढावर वेग कमी आणि उजेडही कमी. आणि सायकल थांबली की दिवा बंद. म्हणजे रस्त्याच्या मधोमध उभं राहिलात, की नेमकं तेव्हाच तुम्ही दिसेनासे व्हायचात.

आता ते ब्रिटनमधलं भांडण. १९३०च्या दशकात तिथे मोटारी वाढल्या आणि रात्री सायकलस्वार मरू लागले. मागणी झाली, की सायकलला मागेही लाल दिवा सक्तीचा करा. १८७८ सालापासून चालत आलेल्या 'सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब'ने याला कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं असं: मोटारवाल्याने आपल्या दिव्यात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात थांबता येईल इतक्याच वेगाने जावं. मागचा दिवा विझला तर सायकलस्वाराला तो दिसत नाही. मग मागून धडक बसली तर दोष कुणाचा? मेलेल्याचाच.

मनमाड रोडवरच्या काकांचं म्हणणं शब्दाशब्दाने हेच होतं.

काही काळ लाल परावर्तक आणि मागच्या मडगार्डवरचा पांढरा पट्टा यावर भागवलं गेलं. मग १९३९ साली युद्ध आलं, रात्रीचा ब्लॅकआउट आला आणि मागचा दिवा सक्तीचा झाला. १९४५ साली तो कायद्याने कायम झाला. आपल्या काळ्या सायकली त्याच ब्रिटिश साच्यातल्या. म्हणून आजोबांच्या सायकलच्या मडगार्डवरही तो पांढरा पट्टा होता. तो कुठल्या भांडणातून आला, हे त्यांना कुठून माहीत असणार?

नगरमध्ये मात्र दिव्याचा प्रश्न वेगळ्याच वाटेने गेला. नगरच्या फिरोदिया कुटुंबातले हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लुना आणली. कंपनीचा कारखाना नगरलाच, दौंड रोडला. लुना दिसायला जवळजवळ सायकलच. पायडलसुद्धा होती. दिव्याची वीजही फिरत्या चुंबकातूनच यायची. फरक एवढाच, की तो चुंबक आता पाय नाही, इंजिन फिरवत होतं. ज्यांना डायनॅमो परवडत होता, त्यांच्यातले बरेच जण हळूहळू लुनाकडे गेले. आमचे वडील त्यांतलेच. सायकलवर उरले ते ज्यांना दुसरं काही परवडत नव्हतं.

आणि सायकल गरिबाची झाली तशी तिच्या दिव्याची चौकशीही थांबली. दंड थांबला याचं दुःख नाही, तो गरिबालाच जड जायचा. पण दंडाबरोबर काळजीही गेली. २०२० साली केंद्र सरकारने सायकलच्या परावर्तकांच्या दर्जाबाबत आदेश काढला. चांगलंच झालं. तरी परावर्तक म्हणजे दुसऱ्याच्या उजेडावर चमकणारी काच. समोरच्याचा लाइट चिखलाने माखला असेल किंवा त्याचं लक्ष फोनमध्ये असेल, तर ती काय करणार?

आज डायनॅमोचे दिवे पूर्वीपेक्षा कितीतरी चांगले मिळतात. त्याच ३ वॅटमध्ये एलईडी लख्ख उजेड देतो आणि आत बसवलेल्या कपॅसिटरमुळे थांबल्यावरही काही मिनिटं दिवा चालू राहतो. पण आपल्याकडे तो पहाटे व्यायामाला निघणाऱ्यांच्या महागड्या सायकलींवर दिसला तर दिसतो, शिफ्टहून परतणाऱ्या काळ्या सायकलवर नाही.

डब्यातला डायनॅमो मी पाइपलाइन रोडच्या एका सायकल दुकानात नेला. मिस्त्रींनी दातेरी चाक बोटाने फिरवलं, तारा एका जुन्या बल्बला लावल्या आणि चाकाला टेकवून पायडल फिरवलं. बल्ब लागला. "चांगला आहे की," ते म्हणाले, "पण आता कुणी मागत नाही." मी आजोबांच्या सायकलवर तो बसवून घेतला आणि दोन हात लाल रेडियमची पट्टी विकत घेतली. एक हात माझ्या सायकलसाठी. दुसरा स्कूटीच्या डिकीत ठेवला आहे.

काकांचं म्हणणं बरोबर होतं, हे मला आता पटलंय. पाहण्याची जबाबदारी माझी होती. त्या रस्त्याने मी आता चाळीसच्या वर जात नाही. ते पुन्हा भेटले, तर हे त्यांना सांगेन आणि मग विचारेन, "काका, मागच्या मडगार्डला ही पट्टी लावू का?"