बाघ नदीच्या दोन काठांवरचे बीजगणित

दहावीच्या मराठी ‘गणित भाग १’ मधले पहिलेच प्रकरण ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ हे आहे. बाघ नदी ओलांडून बालाघाटात गेले की हिंदी पुस्तकात हाच भाग ‘दो चर वाले रैखिक समीकरण युग्म’ या नावाने भेटतो. गोंदियाहून बालाघाट पन्नास किलोमीटरही नाही. तेवढ्यात चलाचा चर होतो, सहगुणकाचा गुणांक, राशीचे व्यंजक, वर्गसमीकरणाचे द्विघात समीकरण. बहुपदीला आपण ‘कोटी’ लावतो, तिकडे तिची ‘घात’ मोजतात.

आमच्या जिल्ह्यात सोयरिकी नदीपलीकडे होतात, घरात पोवारी किंवा गोंडी चालते आणि एकाच गावात मराठी व हिंदी माध्यमाच्या शाळा असतात. माध्यम बदलून आलेले पोर २क्ष + ३ = ११ हे समीकरण बिनचूक सोडवते, पण ‘क्षचा सहगुणक सांग’ म्हटले की गप्प होते. त्याला बीजगणित येत नाही असा शेरा बसतो. खरे तर त्याला एक शब्द येत नसतो.

या दोन शब्दावल्यांतली अस्सल कोणती, हा वाद मी अनेकदा ऐकला आहे. जुनी पाठ्यपुस्तके जमवता जमवता माझे मत असे झाले की तो वादच पोकळ आहे. दोघांचे मूळ घर एक आहे.

ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये धन आणि ऋण यांचे नियम सांगितले. ते दोन शब्द नदीच्या दोन्ही काठांवर आजही तसेच आहेत, आणि कर्ज काढून धान लावणाऱ्याच्या घरी ऋण समजावून सांगावे लागत नाही. या शास्त्राला ‘बीजगणित’ हे नाव नवव्या शतकातल्या पृथूदकस्वामींनी दिले. त्याआधी ते ‘कुट्टक’ नावाखाली मोडत असे. पुढे ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ लिहिले. त्यांची अज्ञात संख्या म्हणजे ‘यावत्तावत्’, जितकी असेल तितकी. अज्ञाते वाढली की रंगांची नावे: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना पहिले अक्षरच घ्यायचे. ज्ञात संख्या ती ‘रूप’. म्हणजे वरचे समीकरण ते असे मांडत:

या २ रू ३
या ० रू ११

या दोन ओळी म्हणजे समीकरणाचे दोन ‘पक्ष’. पक्ष हा शब्द हिंदीने ठेवला, आपण ‘डावी बाजू, उजवी बाजू’ म्हणू लागलो. ‘राशी’ मात्र आपण राखली, हिंदीने व्यंजक घेतले. आपल्या वर्गसमीकरणातला ‘वर्ग’ जुना. पण तिकडचा ‘घात’ही उपरा नव्हे, कारण संस्कृत गणितात घात, वध, हनन हे सारे गुणाकाराचेच शब्द. (आमच्या मराठी पोरांना ‘बहुपद की घात’ ऐकून दगाफटका आठवतो, तो भाग वेगळा.) सगळ्यात मौज चल-चराची. बनारसच्या सुधाकर द्विवेदींनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलनशास्त्रावर हिंदीत पुस्तके लिहिली, त्यांची नावे ‘चलन-कलन’ आणि ‘चलराशिकलन’. ज्या ‘चल’ला आज आपण मराठी समजतो, तो हिंदीतही नांदत होता.

मग फाटा कुठे फुटला? माझ्या मते याचे उत्तर गणितापेक्षा राज्यकारभारात सापडते. इंग्रजी अमदानीत भंडारा (गोंदिया तेव्हा त्यातच) आणि बालाघाट हे मध्य प्रांताच्या एकाच नागपूर विभागातले जिल्हे. स्वातंत्र्यानंतर नागपुरातच डॉ. रघुवीर संस्कृत धातूंवरून पारिभाषिक शब्द घडवत होते, आणि ते सर्व भारतीय भाषांना चालावेत असा त्यांचा आग्रह होता. त्यांचे पुष्कळ शब्द लोकांना जड गेले, थट्टाही झाली. तरी शब्द सामाईक असावेत ही त्यांची कल्पना आमच्यासारख्या मुलखाला सोयीची होती. १ नोव्हेंबर १९५६ ला बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिले, भंडारा मुंबई राज्यात आले. ६ जुलै १९६० ला महाराष्ट्राचे भाषा संचालनालय निघाले. १ ऑक्टोबर १९६१ ला दिल्लीत वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोग. पुढची परिभाषा दोन वेगळ्या टेबलांवर ठरली. १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली, तिची पुस्तके आली आणि आपले शब्द घट्ट झाले. दोन्हीकडच्या मंडळींनी काम मन लावून केले. पण नदीच्या दोन्ही काठांवर वावरणारे पोर त्यांच्यापुढे नव्हते.

आता तिसरा थर चढतो आहे. मराठी शाळांतही सेमी-इंग्रजी आली, गणित इंग्रजीतून, म्हणून चलही नाही आणि चरही नाही, व्हेरिएबल. शिक्षक फळ्यावर कोएफिशियंट लिहितात आणि समजावताना मराठी, हिंदी जे सुचेल ते बोलतात. पाठ्यपुस्तकाच्या शेवटी एक पान वाढवून हे तिन्ही शब्द शेजारी-शेजारी छापायला फारसा खर्च येणार नाही. सीमेवरच्या जिल्ह्यांपुरते केले तरी चालेल. अज्ञात संख्येसाठी जुन्या मराठी पुस्तकांत असलेला ‘क्ष’ तर केव्हाच गेला. मराठी पुस्तकातही आता रोमन एक्स छापतात. क्ष राहिला तो दवाखान्याच्या पाटीवर, ‘क्ष-किरण विभाग’ म्हणून.