स्वतंत्र वैद्यकीय परीक्षण : रुग्ण खान्देशात, निवाडा कागदांवर

पारोळ्याच्या रुग्णाला हृदयाची वा मणक्याची मोठी शस्त्रक्रिया करावयाची असेल, तर प्रथम धुळे किंवा जळगावचा रस्ता धरावा लागतो. रुग्ण तेथील खाटेवर असतो. परंतु उपचाराचा खर्च मंजूर करावा की नाही, हे ठरविणारा डॉक्टर बहुधा मुंबई-पुण्यात संगणकासमोर बसलेला असतो. त्याने रुग्णाची नाडी पाहिलेली नसते. त्याच्यासमोर असतात ती फक्त कागदपत्रे. या कागदोपत्री निवाड्यावर आज अनेक कुटुंबांचे आर्थिक भवितव्य अवलंबून आहे.

उपचार करणारे रुग्णालय आणि पैसे देणारी विमा कंपनी या दोहोंशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाने केलेली तपासणी म्हणजे स्वतंत्र वैद्यकीय परीक्षण. अमेरिकेत २०१० च्या आरोग्य सुधारणा कायद्याने नाकारलेल्या विमादाव्यांसाठी अशी बाह्य तपासणी सर्वत्र बंधनकारक केली आणि हे काम करणाऱ्या संस्थांचा एक व्यवसायच तेथे स्थिरावला. नेहमीच्या प्रकरणात ४५ दिवसांत, तर तातडीच्या प्रकरणात ७२ तासांत निर्णय द्यावा लागतो व तो विमा कंपनीवर बंधनकारक असतो.

आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. हे काम येथे तुकड्यातुकड्यांनी चालते. विमा नियामकाने २००१ मध्ये त्रयस्थ प्रशासकांसाठी, म्हणजेच टीपीएंसाठी नियमावली केली. किमान एक कोटी रुपये भांडवल आणि संचालकांत एक नोंदणीकृत डॉक्टर, या तिच्या अटी होत्या. २०१६ च्या नियमावलीने भांडवलाची अट चार कोटींवर नेली. टीपीए कागदपत्रे तपासते. दावा नाकारण्याचा निर्णय मात्र विमा कंपनीनेच घेऊन कळवावयाचा असतो. टीपीए 'त्रयस्थ' म्हणविली जात असली, तरी तिचे शुल्क विमा कंपनीच देते, हे येथे विसरता येत नाही.

राज्यात या पद्धतीची सर्वसामान्यांना ओळख झाली ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेमुळे. २ जुलै २०१२ रोजी ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली व त्यांत धुळे होते. पारोळ्याला धुळे जवळचे. पण तालुका जळगाव जिल्ह्यातला. त्यामुळे योजना राज्यभर लागू होण्यासाठी नोव्हेंबर २०१३ पर्यंत पारोळेकरांना थांबावे लागले. ९७१ उपचार आणि कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपये, असे तिचे स्वरूप होते. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले; २०२३ च्या निर्णयाने मर्यादा पाच लाखांवर गेली. रुग्णालयातील आरोग्यमित्र नोंदणी करतो, कागदपत्रे संगणकावर चढविली जातात आणि डॉक्टर पूर्वमंजुरी देतात.

परीक्षणाचा व्यवसाय वरकरणी सोपा वाटतो : काही डॉक्टर, काही संगणक आणि इंटरनेट. प्रत्यक्षात खरी कसोटी लागते ती प्रकरण योग्य तज्ज्ञाकडे पोहोचविण्यात. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे कागद सामान्य पदवीधराने तपासणे म्हणजे वेळ वाचविणे, परीक्षण नव्हे. शिवाय प्रत्येक प्रकरणात हितसंबंध तपासावे लागतात. खान्देशासारख्या भागात तज्ज्ञ मोजके आणि बहुतेक एकमेकांच्या परिचयाचे; एकाच महाविद्यालयातून बाहेर पडलेले, एकमेकांकडे रुग्ण पाठविणारे. धुळ्याच्या प्रकरणाचा परीक्षक जळगावचा नसावा, हेच बरे. घरबसल्या काम करता येत असल्याने पारोळ्यातील एखादा तज्ज्ञ विदर्भातील प्रकरणे सहज पाहू शकेल. स्वतःच्या जिल्ह्यातील मात्र त्याने पाहू नयेत.

दुसरी अडचण कागदांचीच. मोबाइलवर घाईने काढलेले केस पेपरचे छायाचित्र, न वाचता येणारे हस्ताक्षर, तारीख नसलेला सोनोग्राफीचा अहवाल, बसविलेल्या स्टेंटचा गहाळ स्टिकर, यांवरून प्रामाणिक परीक्षकही चुकू शकतो. एक्स-रे वा एमआरआयची मूळ डायकॉम प्रतिमा आणि तिचा फोटो यांत फार फरक असतो. फोटोत बारीक अस्थिभंग दिसेलच असे नाही. म्हणून मूळ प्रतिमा उघडणारी प्रणाली, आजारांची प्रमाणित संकेतावली आणि प्रत्येक कागद कोणी, केव्हा उघडला याची न पुसता येणारी नोंद, ही किमान गरज ठरते. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानंतर रुग्णाचे अहवाल व्हॉट्सअॅपवरून फिरविण्याची सवयही सोडावी लागेल. राष्ट्रीय आरोग्य दावे विनिमय मंचामुळे सर्व रुग्णालयांचे दावे एकाच साच्यात येण्याची सोय झाली आहे. परंतु छोट्या रुग्णालयांना त्या साच्यात माहिती भरणारा माणूस ठेवणे परवडते का, हा प्रश्न उरतोच.

त्यात वेळेचा ताण. मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेस उपचाराच्या विनंतीवर एका तासात आणि रुग्णाला घरी सोडतानाच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावयाचा आहे. दावा परीक्षण समितीच्या संमतीवाचून दावा नाकारता येत नाही. नियम स्वागतार्ह आहे. मात्र रात्री दोन वाजता हृदयरोगतज्ज्ञ उपलब्ध ठेवणे खर्चाचे काम आहे. तो खर्च टाळण्यासाठी निर्णय संगणकाच्या ठोकताळ्यांवर सोडण्याचा मोह होतो. संगणकाने अपुरे कागद दाखवून द्यावेत. उपचार अनावश्यक होता, हे मात्र सही करणाऱ्या डॉक्टरनेच कारणांसह लिहावे.

अमेरिकेतील काही योजनांना किमान तीन परीक्षण संस्थांशी करार करून त्यांना आळीपाळीने प्रकरणे द्यावी लागतात आणि नकाराच्या बाजूने निकाल देण्याबद्दल संस्थेला कोणताही आर्थिक लाभ देता येत नाही. आपल्याकडे ही तरतूद आणणे फारसे कठीण नाही.

तोपर्यंत खाजगी विमा असलेल्या पारोळेकराचा आधार म्हणजे विमा लोकपाल. जळगाव जिल्हा पुणे कार्यालयाच्या कक्षेत येतो. प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास वा ते असमाधानकारक असल्यास एका वर्षाच्या आत लोकपालाकडे जाता येते. शुल्क नाही, वकिलाची गरज नाही. डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांच्या मूळ सीडी आणि नकाराचे पत्र यांच्या प्रती मात्र रुग्णालय सोडतानाच मागून घ्याव्यात. महिन्याभराने त्या मिळविण्यासाठी धुळ्याच्या किती फेऱ्या होतील, सांगता येत नाही.