रात्रनिवारा पुरे नाही, कुटुंबाला पत्ता हवा

फुटपाथवरचे कुटुंब दिसले की समाज लगेच निदान करून मोकळा होतो: गरिबी, दारू, आळस. आमचा इतिहास वेगळे सांगतो. 1917 साली बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे कोलंबिया विद्यापीठाचे शिक्षण होते, पगारही होता. तरी जात कळताच त्यांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले गेले आणि शहरात राहायला जागा मिळाली नाही. बेघरपणाचे कारण प्रत्येक वेळी खिशात सापडत नाही, ते समाजरचनेतही असते.

दुसरा पुरावा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आहे. 13 जुलै 1981 रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतील फुटपाथवासीयांना हटवून मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. त्याविरुद्ध उभा राहिलेला खटला म्हणजे ओल्गा टेलिस प्रकरण. त्यातला एक याचिकाकर्ता 1969 साली संगमनेरहून आला होता. गावी तो जोडे शिवून दिवसाला 7-8 रुपये कमवायचा. जोडे शिवणारा कोणत्या समाजाचा, हे महाराष्ट्रात वेगळे सांगावे लागत नाही. गावातले घर पडले. मुंबईत बदली कामगार म्हणून महिना 350 रुपये मिळू लागले. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागेसाठी त्याने गुंडाला 300 रुपये दिले, बांबू आणि प्लास्टिकला 700 लागले. जवळपास तीन महिन्यांचा पगार मोजणाऱ्या या माणसाला फुकट्या कोणत्या तोंडाने म्हणायचे?

10 जुलै 1985 रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पाच सदस्यीय घटनापीठाने उपजीविकेचा हक्क कलम 21 मध्ये येतो, हे मान्य केले. पण फुटपाथवर राहण्याचा हक्क नाकारला आणि रीतसर प्रक्रियेने झोपड्या हटवण्यास मुभा दिली. हक्क कागदावर आला, झोपडी वाचली नाही.

पुढे 2010 मध्ये न्यायालयाने मोठ्या शहरांत दर 1 लाख लोकसंख्येमागे किमान एक, चोवीस तास चालणारा निवारा उभारण्यास सांगितले. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने माणशी किमान 50 चौरस फूट जागा ठरवली. मुंबईची 2011 ची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख, म्हणजे 124 निवारे. आपल्या शहराचा असाच हिशेब करा आणि प्रत्यक्षात किती चालू आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारा.

पण निवारा मिळाला तरी कुटुंबाचे काय? आमच्या कामात आम्ही वारंवार पाहतो: बाप पुरुषांच्या निवाऱ्यात, आई लहानग्यांसह महिलांच्या, आणि चौदा वर्षांचा मुलगा कुठेच नाही. म्हणून ते कुटुंब पुन्हा फुटपाथवर येते, आणि अधिकारी लिहितात, 'हे लोक निवाऱ्यात राहायला तयार नाहीत.'

उपाय नवा शोधायचा नाही. 1925 साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. छप्पर, जेवण आणि शाळा एकत्र दिली. छपराला आधाराची जोड लागते, हे आमच्या चळवळीला तेव्हाच कळले होते. आणि परळची बीआयटी चाळ आठवा. प्लेगनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने घरे पाडली जास्त, बांधली कमी. तरी त्याच ट्रस्टच्या भाड्याच्या खोलीत बाबासाहेब वर्षानुवर्षे राहिले, शिकले, लढले. सरकारी यंत्रणेने बांधलेली स्वस्त भाड्याची एक खोली काय घडवू शकते, याचा यापेक्षा मोठा दाखला कोणता?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक वॉर्डात कुटुंबनिवारा हवा, जिथे आईबाप आणि मुले एकत्र राहतील. तिथेच रेशनकार्ड, आधार, अंगणवाडी, शाळाप्रवेश आणि दवाखान्याची सोय व्हावी. आणि तिथून पुढे कामाच्या जवळ, परवडणाऱ्या भाड्याचे सरकारी घर मिळावे. निवारा ही पायरी आहे. पायरीवरच लोकांना आयुष्यभर बसवून ठेवणाऱ्या व्यवस्थेला आम्ही कल्याणकारी म्हणणार नाही.

जय भीम!