घेतलेला वसा, साठलेली वसा

वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात, म्हणजे रामेश्वर लेण्यात, सप्तमातृकांच्या पंक्तीला लंबोदर गणेश बसलेला आहे आणि जवळच काल-कालींची हाडे उघडी पडलेली शरीरे कोरलेली आहेत. भरलेले पोट आणि पाठीला टेकलेले पोट, दोन्ही एका जागी. शिल्पकाराने दोहोंकडे सारख्याच निर्विकारपणे पाहिलेले. विद्यार्थ्यांची सहल घेऊन आम्ही दरवर्षी तेथे जातो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने आधी गणेशाकडे, मग आमच्याकडे पाहिले आणि हसू दाबले. प्रस्तुत लेखाचा उगम त्या दाबलेल्या हसण्यात आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

आम्ही दोघे छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, मराठी शिकवतो. २०१७ साली आमच्यापैकी एकाचे वजन १०६ किलो होते आणि दुसऱ्याचे ९७. वजन उतरवायला सुरुवात कशी करावी आणि केलेली सुरुवात टिकवावी कशी, हा प्रश्न डॉक्टरांचा आहे असे आम्हाला तोवर वाटत असे. तो बराचसा आपल्या सांस्कृतिक इतिहासाचाही आहे, हे पुढे ध्यानात आले.

त्या इतिहासातले एक महत्त्वाचे ठाणे आमच्या शहरापासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर आहे. देवगिरीच्या यादवांचा, महादेव आणि रामचंद्र या राजांचा, श्रीकरणाधिप हेमाद्री याला आपण मोडी लिपी, बाजरी आणि चुन्याविना रचलेली देवळे यांच्या दंतकथांमुळे ओळखतो. पण त्याचे खरे काम ग्रंथांचे. ‘चतुर्वर्गचिंतामणि’ या त्याच्या अवाढव्य ग्रंथात ‘व्रतखंड’ आहे. तिथी, वार, मास यांनुसार करावयाची असंख्य व्रते त्यात विधींसह नोंदलेली आहेत. काय खावे, काय वर्ज्य करावे, एकभुक्त केव्हा राहावे, पारणे केव्हा करावे, सारे तपशीलवार. आणि याच हेमाद्रीने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. म्हणजे तेराव्या शतकात, देवगिरीच्या त्या एकाच माणसाच्या मेजावर (मेज नव्हते, चौरंग असेल) उपवासाची दोन शास्त्रे शेजारी शेजारी होती : एक पुण्यासाठीचे, दुसरे प्रकृतीसाठीचे.

‘अष्टांगहृदया’च्या सूत्रस्थानातला चौदावा अध्याय शरीर वाढवणाऱ्या बृंहण आणि शरीर हलके करणाऱ्या लंघन या दोन उपक्रमांचा आहे. तेथे वाग्भटाने एक विलक्षण प्रांजळ कबुली देऊन ठेवली आहे. स्थूल होण्यापेक्षा कृश असणे बरे, कारण स्थूलाला औषधच नाही. त्याला पोषण द्यावे तर तो वाढतो आणि उपाशी ठेवावे तर त्याचा प्रखर जठराग्नी आणि वात त्याला छळतात, असा त्याचा आशय. जाड माणसाची भूक ही त्याच्या चारित्र्यातली उणीव नसून त्याच्या दुखण्याचाच भाग आहे, हे येथे किती शांतपणे मान्य केलेले आहे! आमच्या लहानपणी ‘तोंडाला कुलूप लाव’ एवढेच वैद्यक आमच्या वाट्याला आले. हेमाद्रीने ही ओळ वाचली, तिच्यावर टीका लिहिली. तिचा आणि आपल्या व्रतखंडाचा काही संबंध आहे असे त्याला कधी वाटले असेल का, हा प्रश्न आम्हाला सुचल्यावाचून राहत नाही.

आता शब्दाकडे येऊ. मराठीत वसा म्हणजे व्रत. तो पुल्लिंगी, आणि तो घेतात. आयुर्वेदात वसा म्हणजे चरबी. ती स्त्रीलिंगी, आणि ती साठते. या दोन शब्दांत नाते जोडण्याचा मोह व्युत्पत्तीच्या नावाखाली कोणी करू नये. पण श्रावणातल्या कहाण्या ऐकत वाढलेल्या माणसाला एवढे कळते की वशाला ठरलेला घाट असतो. संकल्प, नियम, उद्यापन. कहाणीतली नायिका वसा विसरते, तिच्यावर संकट येते, तिला आठवण होते, ती पुन्हा वसा घेते, आणि सारे पूर्ववत होते. मोडलेला वसा पुन्हा घेता येतो, ही त्या घाटातली सर्वांत उदार सोय. मात्र अशा पुष्कळ व्रतांना उद्यापन असते. ठरलेली वर्षे झाली, सवाष्णी जेवल्या, व्रत संपले. वजनाच्या बाबतीत घोटाळा होतो तो नेमका येथे. लग्नापर्यंत, दिवाळीपर्यंत, दहा किलो उतरेपर्यंत, असा शेवट मनात धरून माणूस आरंभ करतो. मग उद्यापन होते आणि त्याच पंगतीत वजन परत येऊन बसते.

उपवासाचे दुसरे काय झाले ते प्रत्येक घरात ठाऊक आहे. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून बनतो तो, तसेच शेंगदाणा आणि बटाटा, ही तिन्ही दक्षिण अमेरिकेतून आलेली पिके. हेमाद्रीला यातले एकही ठाऊक असणे शक्य नव्हते. आज त्यांच्यावाचून आपली एकादशी होत नाही. दुप्पट खाण्याची म्हण मराठीने उगीच घडवलेली नाही.

पण व्रतांवर सारा भार टाकून मराठवाड्यापुरता हा इतिहास पुरा होणार नाही. येथे आणखी एक गोष्ट आहे आणि ती विनोदाची नाही. १९७२चा दुष्काळ. आमच्या दोघांच्याही आईवडिलांनी तो तरुणपणी पाहिला. खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामावर सुकडी मिळे. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो मिळे, तिच्या भाकरीची चव आमच्यापैकी एकाच्या आईला शेवटपर्यंत आठवत होती आणि ती सांगताना तिचा चेहरा बदलत असे. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत झाला, त्यामागे हीच वर्षे होती. अशा घरात जन्मलेल्या मुलाच्या ताटात काही उरू देणे हे पाप होते. ‘खात्यापित्या घरचा दिसतोस’ हे कौतुक होते. ‘वाळलास रे’ ही काळजी होती. भुकेतून वर आलेल्या पिढीने मुलांच्या अंगावर मांस चढलेले पाहिले आणि तिला कृतार्थ वाटले. त्या मुलाने चाळिशीत आईसमोर दुसरी भाकरी नाकारायची, याला नुसता निर्धार पुरत नाही. आमच्यापैकी एकाने ती नाकारली तेव्हा आईने विचारले, ‘काही चुकलं का माझं?’ आहारतज्ज्ञांच्या तक्त्यात या प्रश्नाला रकाना नसतो.

मराठी साहित्याने या विषयाकडे पाहिले ते प्रामुख्याने हसत. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मधला (१९५८) ‘उपास’ हा लेख वर्गात शिकवताना आजही हमखास हशा येतो. वजन उतरवण्याचा निश्चय जाहीर झाला रे झाला की सारी चाळ सल्ला देऊ लागते, हे त्यातले निरीक्षण अचूक आहे. आरंभ हा सार्वजनिक असतो आणि त्याला प्रेक्षक मिळतात. चौथ्या महिन्यातल्या मंगळवारला प्रेक्षक नसतो. पुलंची चाळ मुंबईची, पांढरपेशी. सुकडी खाल्लेल्या घरातल्या लठ्ठपणाचे मराठी गद्य आमच्या वाचनात अद्याप आलेले नाही. कोणी विद्यार्थी लिहील तर हवे आहे.

अलीकडच्या महाराष्ट्रात या विषयावर जी एक मोठी चळवळ उभी राहिली, तिचे मूळ नागपुरात आणि प्रसार मराठवाड्यातून झाला. डॉ. श्रीकांत जिचकार हे नाव पदव्यांच्या संख्येमुळे प्रश्नमंजूषेत अडकून पडले आहे. रामटेकच्या कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू होते, हे निदान आपल्या क्षेत्रातल्यांनी तरी लक्षात ठेवावे. खाण्याच्या प्रत्येक वेळी शरीरात इन्सुलिन स्रवते, म्हणून खाण्याच्या वेळा कमी कराव्यात, असा विचार ते व्याख्यानांतून मांडत. २ जून २००४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. पुढे लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो विचार उचलला, स्वतःवर करून पाहिला आणि गावोगाव नेला. खरी भूक लागते अशा दोन वेळा ओळखायच्या, त्या दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवायचे, मध्ये गोड काही नाही, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. त्यांच्या पुस्तकाचे नाव ‘विनासायास वेटलॉस’.

आम्हाला यात शास्त्राइतकेच रूप लक्षणीय वाटते. मोजमाप नाही, तक्ता नाही. एका वाक्यात सांगता येणारा नियम. सभागृहात व्याख्यान, मग कोणीतरी उठून आपली हकिगत सांगणार : अमुक किलो होते, तमुक झाले. ही कहाणीच आहे, फलश्रुतीसह. लंडनचा विल्यम बँटिंग या अंत्यविधीच्या व्यावसायिकाने १८६३ साली आपल्या वजनाबद्दल एक छोटी पुस्तिका स्वखर्चाने छापली, तीही अशीच हकिगत होती. तिचा प्रसार एवढा झाला की स्वीडिश भाषेत आजही पथ्याने वजन उतरवण्याला ‘बांटा’ असे क्रियापद आहे. माणसे तक्त्यापेक्षा माणसाच्या गोष्टीमागे अधिक सहजपणे जातात. ‘विनासायास’ या शब्दाबद्दल मात्र आमची तक्रार आहे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवणाची वेळ टाळली तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, हा एक भाग. आणि दोन जेवणांचा नियम वर्षानुवर्षे पाळणे हा चांगलाच आयास आहे, हा दुसरा.

आमच्या स्टाफरूममध्ये त्या काळी दोन पंथ होते. ऋजुता दिवेकर यांचे २००९ साली आलेले इंग्रजी पुस्तक दर दोन तासांनी थोडे थोडे खावे असे सांगत होते. दीक्षितपंथी दोनदाच खात होते. द्वैत-अद्वैताच्या वादात नसेल एवढा आवेश डब्याच्या सुट्टीत असे. आमच्यापैकी एक एका पंथात गेला, दुसरा दुसऱ्यात. सात महिन्यांत पहिल्याचे १४ किलो उतरले आणि दुसऱ्याचे ११. यावरून पंथांबद्दल काही सिद्ध होत नाही. एकूण खाणे दोघांचेही कमी झाले होते आणि दोघेही पहाटे गोगाबाबा टेकडी चढत होतो.

मग टाळेबंदी आली. टेकडी बंद, महाविद्यालय बंद, घरात पाककृतींचा महोत्सव. २०२१ अखेर पहिला १०३वर होता, दुसरा ९९वर, म्हणजे आरंभापेक्षाही दोन किलो पुढे. तपासणीच्या वेळी एका डॉक्टरांनी मान वर न करता ‘इच्छाशक्ती कमी पडते तुमची’ असे सांगितले. शरम वाटली, त्या शरमेत आम्ही वर्षभर काट्यावर पाय ठेवला नाही.

त्या शरमेवर उतारा मिळाला तो वाचनातून. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अँसल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, आणि त्यांच्या मनाला अन्नावाचून दुसरा विषय उरला नाही. काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. ही माणसे दुबळ्या मनाची नव्हती. युद्धाला नकार देण्याइतकी ती कणखर होती. वजन उतरले की शरीर भूक वाढवते आणि खर्च आवरते. ते आपले जुने वजन मागत राहते. भारतात २०२५ साली वजन घटवणारी साप्ताहिक इंजेक्शने आली, त्यातल्या सेमाग्लुटाइडचा अनुभवही असाच आहे : औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आले, असे एका चाचणीत दिसले. वाग्भटाचे वाक्य आम्ही तेव्हा पुन्हा वाचले. औषध नाही, असे त्याला म्हणता आले, कारण त्याने रुग्ण पाहिले होते.

तेव्हा उद्यापन नाही. मग आपल्याकडे शेवट नसलेल्या नियमाचा काही नमुना आहे का? आहे, आणि आम्हाला तो व्रतखंडात न सापडता नित्यनेमात सापडला. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आधी युरोपीय पद्धतीचा सँडोचा व्यायाम करीत; १९०८च्या सुमारास ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि तो नेम त्यांनी पुढे आयुष्यभर चालवला, संस्थानच्या शाळांतूनही लावून दिला. शाळांतली सक्ती आम्हाला पटत नाही. पण रोजच्या दात घासण्याइतकी त्याची नाट्यशून्यता पटते. वारकरी पंढरपूरला पोचतो तेव्हा त्याची वारी संपत नाही, पुढच्या आषाढीपर्यंत लांबते. नेवाशाला, आमच्यापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर, १२९० साली ज्ञानदेवांनी सहाव्या अध्यायात अति खाणारा आणि अन्न तोडणारा अशा दोघांनाही योगातून वगळले, आणि मोजके खाणे, मोजके चालणे, मोजके झोपणे मागितले. हा अध्याय आम्ही वीस वर्षे शिकवत होतो.

दुसऱ्या खेपेचा आरंभ आम्ही कोणाला सांगितला नाही. आकडाही ठरवला नाही. आईला भाकरी नाकारण्याऐवजी पहिल्याने भाकरी तीच ठेवली आणि कॉलेजातला चहा-बिस्किटांचा तिसरा-चौथा फेरा सोडला. आईला कळलेही नाही. नेम मोडला तर दुसऱ्या दिवशी टेकडी, एवढाच दंड. मागच्या खेपेसारखी घसरगुंडी नाही, तशी प्रगतीही नाही. आज पहिला ९२ आहे, दुसरा ९०. कधी दोन किलो वर, कधी दोन खाली.

या वर्षीही वेरूळची सहल झाली. एकविसावे लेणे पाहून झाल्यावर मुलांनी झाडाखाली डबे उघडले आणि परभणीकडच्या एका विद्यार्थिनीने आग्रहाने धपाटे पुढे केले. पहिल्याच्या जेवणाची वेळ झाली नव्हती, दुसऱ्याची नुकतीच होऊन गेली होती. तिच्या आजीने केलेले होते. आम्ही एक घेतले आणि मधोमध मोडले.