पाच नद्यांच्या काठावरचं आपलं गाव

दिंडीला शंभर वर्षं झाली. दिंडी ज्या मातीतनं निघते त्या मातीची हकिकत पोराबाळांना ठाऊक असावी, म्हणून आम्ही हे चार शब्द लिहितो.

आपलं प्रयाग चिखली करवीर तालुक्यात, संगमावर. विशाळगडाकडनं कासारी येते, गगनबावड्याच्या डोंगरातनं कुंभी, दाजीपूरच्या रानातनं भोगावती; तुळशी वाटेत भोगावतीला मिळते. पाचवी सरस्वती गुप्त. इथनं पुढं नाव पंचगंगा. ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जाते, आणि कृष्णेला खाली रायचूरकडं भीमा मिळते. भीमा म्हणजेच आपली चंद्रभागा. म्हणजे माउली, आपण पायी पंढरीला जातो, तसं आपल्या शिवारातलं पाणीसुद्धा पंढरीच्या पाण्याला जाऊन भेटतं.

पूर्वी उन्हाळ्यात नदीची धार बारीक व्हायची. मोटेवर भिजेल तेवढंच बागायत. शाहू महाराजांनी १९०८ च्या सुमारास भोगावतीवर राधानगरीचं धरण काढलं. पैशापायी काम रखडलं, ते पुरं झालं स्वातंत्र्यानंतर. नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले: बरगे घालून पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी काढायचे. त्या पाण्यावर ऊस वाढला. गुळाला महाराजांनी १८९५ साली वसवलेली शाहूपुरी पेठ होतीच. पुढं कुडित्र्याला कुंभी-कासारी कारखाना झाला, आणि गुऱ्हाळं कमी होत गेली.

पण जी नदी पोसते तीच बुडवते. १९८९ च्या महापुरानंतर सोनतळीला उंचावर जागा मिळाल्या. तरी जमिनी खाली, जनावरं खाली, म्हणून कितीतरी घरं गावातच राहिली. २००५ ला पाणी आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला परत आलं. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ ला पाणी ५५ फुटांवर गेलं. आता राधानगरीच्या सात दरवाजांपैकी किती उघडले, हे ऐकल्याशिवाय पावसाळ्यात झोप लागत नाही.

गाव सोडावं का राहावं, हे ज्यानं त्यानं ठरवावं. खाली राहो नाहीतर सोनतळीला, टाळ एकत्रच वाजला पाहिजे. तरुणांना एवढंच सांगणं: पुराच्या पाण्याच्या खुणा देवळाच्या भिंतीवर सालासकट कोरून ठेवा, आणि नदीच्या वाटेत भराव टाकू नका. पाणी आपली वाट विसरत नाही.

रामकृष्ण हरी.